देवावर भरवसा आहे, पण विचारणारं कोण आहे?

आज आवाज जरा बसलाय, पावसाचे दिवस आहेत, सांभाळून घ्या.

मागच्या एपिसोडनंतर बोरिवलीहून एक व्हॉइस नोट आली. आवाजावरून बावीस-तेवीसचा मुलगा असावा. त्याचं म्हणणं असं की, दादा, माझा देवावर विश्वास आहे, मी रोज प्रार्थना करतो. मला एक सवय सोडायची आहे, कुठली ते सांगत नाही. पण हे माझ्यात आणि देवात आहे. तिसऱ्या माणसाला कशाला सांगायचं? सांगितलं म्हणजे माझा विश्वासच कमी पडला, असं नाही का होत?

ती नोट मी तीनदा ऐकली. कारण हेच वाक्य, जवळपास ह्याच शब्दांत, मी आमच्या नात्यात कितीतरी वर्षं ऐकलंय. माझ्या मामाच्या तोंडून.

आज मामाबद्दल बोलणार आहे. त्याला विचारून बोलतोय. त्याच्या दोन अटी आहेत. नाव घ्यायचं नाही, आणि मध्ये जे झालं ते गाळायचं नाही. ते येईलच.

मामा घाटकोपर वेस्टला, भटवाडीच्या बाजूला राहतो. वय पंचावन्न. साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. हात इतका बसलेला की मालक त्याच्या खाड्यांकडे काणाडोळा करायचा. आणि दारू. आधी शनिवारची, मग रोज संध्याकाळची, मग सकाळी हात थरथरायला लागले म्हणून सकाळचीही.

आता मामा काही देव न मानणारा नव्हता. घरात विठ्ठल-रखुमाई, कपाळाला बुक्का, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात रात्री दोन वाजल्यापासून रांगेत. मुंबईत वडाळ्याला प्रतिपंढरपूर म्हणतात, तुम्हाला माहीत असेल. तिथे गाभाऱ्यासमोर उभा राहून तो दर वर्षी शपथ घ्यायचा. मनातल्या मनात. मामीलासुद्धा सांगायचा नाही. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोडायचा.

हे मला खूप नंतर त्याच्याकडूनच कळलं. म्हणजे बघा, आम्हाला वाटायचं हा माणूस कधी प्रयत्नच करत नाही. प्रयत्न दर वर्षी होत होता. पण शपथ घेतलेली कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे मोडलेलीही कुणाला ठाऊक नव्हती. एकट्या विठ्ठलाला ठाऊक, आणि तो काही खाली येऊन विचारत नाही, काय रे, काय ठरलं होतं?

पुढचं सगळं बोलणं ह्याच एका जागेभोवती आहे. आपली जी वारकरी परंपरा आहे, तिच्यात देवावर भरवसा ठेवणं हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. तिथे देवाबरोबर माणसं येतात, आणि त्या माणसांना तुम्हाला विचारायचा हक्क असतो.

नामदेवांची गोष्ट घ्या. लहानपणी ऐकली असेल, पण आता मोठं होऊन पुन्हा ऐका. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव महाराज. कथेप्रमाणे विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा. म्हणजे प्रार्थनेची लाइन थेट जोडलेली, मध्ये कुणी नाही. आणि तेरला, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गोरा कुंभारांकडे संत जमलेले असताना मुक्ताबाई म्हणते, गोरोबाकाका, ह्यातलं कुठलं मडकं पक्कं आणि कुठलं कच्चं ते बघा. काका आपलं थापटणं घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून बघतात. बाकीचे गप्प बसतात. नामदेव चिडतात. काका सांगतात, हे मडकं कच्चं आहे.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. नामदेव रडत विठ्ठलाकडे जातात, तक्रार करायला. आणि विठ्ठल त्यांची बाजू घेत नाही! ते बरोबर बोलले, म्हणतो, तू गुरू कर. मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात. म्हणजे ज्याचं देवाशी रोजचं बोलणं, त्यालासुद्धा देवानेच माणसांकडे परत पाठवलं. बोरिवलीच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाला ह्यापेक्षा जुनं उत्तर माझ्याकडे नाही.

मामाकडे परत येतो. डिसेंबर 2021 मध्ये त्याला घरात आकडी आली. आणि इथे मी गोष्ट थांबवून एक गोष्ट सांगणार आहे, कारण हे कुणाच्यातरी घरी आज रात्री उपयोगी पडू शकतं. रोज पिणारा माणूस एकदम बंद करतो, भक्तिभावाने, शपथ घेऊन, तेव्हा शरीर ते सहन करेलच असं नाही. आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. मामाने तेच केलं होतं, दोन दिवस कडकडीत बंद. देवावर भरवसा आहे म्हणून डॉक्टर नको, असं करू नका. आधी दवाखाना. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, 14446. मानसिक त्रासासाठी टेली-मानस आहे, 14416. पुण्याला मुक्तांगण आहे, 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. आपल्या मुंबईत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा होतात, मराठीतही होतात, आणि फुकट असतात.

तर मामा दवाखान्यात राहिला, गोळ्या-औषधं झाली, घरी आला. शरीर सुटलं, पण संध्याकाळ सुटेना. सहा वाजले की काय करायचं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना कळेल, दारू सोडलेल्या माणसाला सगळ्यात जड जाते ती संध्याकाळ.

तिथे त्याला बुवा भेटले. मुलुंडचे, सत्तरीतले, एका दिंडीत वीणेकरी. ओळख कुठली, तर लोकलच्या भजनाची. सेंट्रल लाइनला ज्यांनी प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. सकाळच्या गाडीत ठरलेला डबा, ठरलेली माणसं, टाळ, आणि खिडकीला फोटो लावून भजन. बाहेरून बघणाऱ्याला ती फक्त गर्दी आणि आवाज वाटतो. कानात इयरफोन खुपसून मीही वैतागलोय. पण त्या डब्यात दोन दिवस कुणी दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. बुवा मामाला त्या डब्यात न्यायला लागले आणि 2022 च्या वारीच्या आधी आळंदीला त्याला माळ घालायला लावली.

माळ म्हणजे तुळशीची माळ, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण माळ घालणं म्हणजे काय, हे मला आधी कळलं नव्हतं. मला तो धार्मिक दागिना वाटायचा. माळ घातली की दारू नाही, मटण-मासे नाहीत, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वारी करायची. आणि ही माळ तुम्ही खिशात ठेवत नाही. ती गळ्यात असते, शर्टाच्या कॉलरमधून दिसते. वाइन शॉपच्या काउंटरवर तुम्ही गेलात तर शेजारचा माणूस आधी तुमच्या गळ्याकडे बघतो आणि मग तोंडाकडे. म्हणजे वडाळ्याला मनातल्या मनात घेतलेली शपथ आता सगळ्या घाटकोपरला दिसायला लागली.

2022 ची वारीही खास होती. 2020 आणि 2021 ला कोविडमुळे पायी वारी झालीच नव्हती, माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या होत्या. दोन वर्षांनी रस्ता पुन्हा चालू झाला आणि मामा त्या गर्दीत पहिल्यांदा चालला. आळंदी ते पंढरपूर, साधारण अडीचशे किलोमीटर. परत आला तेव्हा काळा ठिक्कर, दहा किलो उतरलेला, आणि झोप लागायला लागलेली.

इथे गोष्ट संपवली असती तर ती फॉरवर्ड करायला बरी पडली असती. पण मामाची अट आहे.

डिसेंबर 2023. कल्याणच्या बाजूला नात्यातली हळद. हळदीला काय असतं ते आपल्याकडच्यांना माहीत आहे. बँजो, पिवळे टी-शर्ट, आणि मंडपाच्या मागे खुर्च्या टाकून बसलेली मंडळी. मामाने माळ काढली, पाकिटात ठेवली, आणि प्यायला. दीड वर्षानंतर.

रात्री घरी येऊन त्याने काय केलं? देव्हाऱ्यासमोर बसला नाही. बुवांना फोन केला. तो म्हणतो, देवासमोर बसायची लाज वाटत होती, बुवांची कमी वाटली. अकराच्या सुमाराला सत्तरीतला तो माणूस मुलुंडहून स्लो पकडून निघाला. नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, मग रिक्षा, मग भटवाडीचा चढ. मामी सांगते, ते आले, पाणी प्यायले, आणि मामाच्या पाया पडले. होय, बुवा मामाच्या पाया पडले. वारकऱ्यांत ते तसंच असतं, भेटला की तो तुमच्या पाया पडतो आणि तुम्ही त्याच्या, वय-जात-पगार काही नाही. पण त्या रात्री, तोंडाला वास येत असलेल्या माणसाच्या? मामा म्हणतो, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग विचारलं, माळ कुठाय? पाकिटात. काढून का ठेवलीस? मामा गप्प. बुवा म्हणाले, माळ काढून ठेवता येते, मला कुठल्या पाकिटात ठेवणार? आणि तिथेच जमिनीवर झोपले. सकाळी त्याला घेऊन आधी डॉक्टरकडे गेले. माळ लगेच घालू दिली नाही. ती परत महाराजांसमोर, माघी एकादशीला.

मराठीत अकाउंटेबिलिटीला नेमका शब्द मी बराच शोधला. उत्तरदायित्व म्हणतात, पण ते सरकारी जीआरमध्ये शोभतं. घरात आपण दोन वेगळे शब्द वापरतो, जाब विचारणं आणि विचारपूस करणं. जाबात नुसता धाक असतो. विचारपुशीत नुसती माया असते, पण ती "बरा आहेस ना?" वर भागते, "हो बरा आहे" म्हटलं की संपली. बुवांनी त्या रात्री दोन्ही एकत्र केलं. मला वाटतं हे जमणारी माणसं फार थोडी असतात आणि ती आपण होऊन आपल्याकडे येत नाहीत, शोधावी लागतात.

एक सावधगिरी. ज्याला-त्याला हा हक्क देऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता टोमणे मारणारे काका, "मी आधीच सांगितलं होतं" म्हणणारी आत्या, हे लोक पाळत ठेवतात, विचारत नाहीत. आमच्या कामात कोड रिव्ह्यू असतो. मी लिहिलेला कोड मी स्वतः दुसऱ्याला दाखवायला पाठवतो, आणि उद्या तो त्याचा मला दाखवतो. ज्या टीममध्ये फक्त मॅनेजरच चुका काढतो तिथे लोक चुका लपवायला शिकतात. दिंडीतही मला हेच दिसलं, विचारणाऱ्यालाही कुणीतरी विचारतं.

दिंडीत म्हणतोय कारण 2024 ला मी गेलो होतो. चार दिवसांची रजा टाकून, पुणे ते लोणंद. भक्ती म्हणून गेलो असं म्हणणार नाही. हळदीनंतरची पहिली वारी होती, आईला भीती वाटत होती, मामाबरोबर कुणीतरी असावं म्हणून गेलो. पहिलाच दिवस पुणे ते सासवड, मोठी मजल, मध्ये दिवे घाट, आणि त्यात एकादशीचा उपास. साबुदाण्याच्या खिचडीवर घाट चढून बघा कधीतरी. दुपारपर्यंत माझ्या पायाला फोड आले आणि पंचावन्न वर्षांचा मामा माझी बॅग घेऊन चालत होता. कोण कुणाची सोबत करायला आलं होतं देव जाणे.

दिंडी म्हणजे मला आधी नुसता जमाव वाटायचा. तशी ती नसते. प्रत्येकाने जेवणाखाणाची भिशी भरलेली असते. पुढे पताका, मग टाळकरी रांगेत, मृदंग, वीणेकरी, तुळस घेतलेल्या बायका. तुमची जागा ठरलेली, आणि जागा रिकामी दिसली की मागचा विचारतो, ह्या जागेची माउली कुठे गेली? सामानाचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो. रात्री पंगतीत कोण नाही ते वाढणाऱ्याला कळतं. ही शिस्त आपोआप आलेली नाही. माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. सरदारांच्या पदरी राहिलेला माणूस, त्यामुळे लष्करासारखी आखणी.

आणि वाल्ह्याच्या तळावर मी समाजआरती पाहिली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मग चोपदार हातातला चोप वर करतात. आणि एका क्षणात सगळं थांबतं. पोर रडलेलं ऐकू यावं इतकी शांतता. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तर ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवत राहते. सगळे गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळ. मग चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, निकाल लावतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर आरती.

तिथे उभा असताना माझ्या डोक्यात आलं, की बघा, आरती शेवटी आहे. आधी कुणाचं काय दुखतंय ते ऐकायचं, कुणाचं काय हरवलंय ते परत करायचं, मग देव. आणि तक्रार असलेल्याने गप्प बसावं अशी अपेक्षा नाही, त्याने आवाज करत राहावं अशी सोय आहे. मामाने मंडपामागच्या त्या खुर्चीवर असा टाळ वाजवला असता तर? हे मी त्याला बोललोही. तो म्हणाला, त्या रात्री फोन केला ना, तोच टाळ. थोडा उशिरा वाजला.

1935 मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रन गावी, बिल विल्सन नावाचा एक शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामाला आला होता. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली. सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. देवावर विश्वास बसलेला माणूस होता तो. त्याने फोन उचलला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत गेला, माझ्यासारख्या एखाद्या दारुड्याशी मला बोलायचंय म्हणून. त्यातून त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथशी, आणि त्या दोघांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. तिथेही देव आहे, ज्याला जसा कळेल तसा, आणि तिथेही एक माणूस आहे ज्याला तुम्ही रात्री फोन करू शकता. ॲक्रनच्या लॉबीतल्या त्या माणसाला वारकरी माहीत असण्याचं कारण नाही. पण भटवाडीतल्या फोनशी त्याचं जुळतं.

माझ्या स्वतःच्या विश्वासाचं विचाराल तर मला नीट सांगता येत नाही. रोज रात्री नऊ वाजता दिंडीतली पंधरा-वीस माणसं व्हॉट्सॲप कॉलवर हरिपाठ म्हणतात. नेटवर्कमुळे कुणाचाच सूर कुणाला लागत नाही, भयंकर ऐकू येतं. मी कधी कधी म्यूट करून ऐकतो. मामाला एकदा विचारलं, हरिपाठ झाल्यावर तू देवाकडे काय मागतोस, आयुष्यभराची दारूमुक्ती? तो म्हणाला, नाही रे, एवढं मोठं मागायची भीती वाटते. उद्या नऊ वाजता पुन्हा ह्या कॉलवर असू दे, एवढंच. मामा कॉलवर दिसला नाही तर नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजतो. एकदा तो नुसता वडापाव आणायला खाली गेला होता, तरी तीन मिस्ड कॉल.

आता मामी. हा एपिसोड लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवला. तिने पोळ्या लाटता लाटता सगळा ऐकला आणि म्हणाली, चांगलं आहे. तुझ्या मामाला विचारायला अख्खी दिंडी आहे. मला अठरा वर्षांत कुणी विचारलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरातला माणूस पितो तेव्हा आपण सगळे त्याच्याभोवती जमतो. मामी त्या काळात जेवणाचे डबे करून देत होती, दोन मुलांची फी भरत होती, आणि सकाळी तोंडावर हसू आणून नळावर जात होती. तिचा देवावरचा भरवसा मामापेक्षा कमी नव्हता, पण तिच्या भरवशाला कुणी माळ घातली नाही. ॲक्रनच्याच गोष्टीतून पुढे घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे गट निघाले, ते मुंबईतही आहेत. मी तिला सांगितलं तर म्हणाली, लांब जायला वेळ कुणाला आहे.

तिने स्वतःच जवळचं शोधलं. चाळीतल्या बायकांचं गुरुवारचं भजनी मंडळ. पाच-सहा महिने जात होती, मागे बसून टाळ्या वाजवायची, काही बोलायची नाही. गेल्या महिन्यात तापामुळे दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या दिवशी चौघीजणी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन जिना चढून आल्या. काय गं, दोनदा दिसली नाहीस, झालंय काय? म्हणे नुसता ताप सांगायचा होता. पण मामी बोलायला लागली ती अडीच तास बोलत होती, अगदी पहिल्यापासून. खोली एकच, मधे दार नाही. मामा उठला, चप्पल न घालता बाहेर गेला, आणि सगळं संपेपर्यंत जिन्यावर बसून राहिला.